हाक एका सेकंदात पोचली असती

डिसेंबरच्या ओरलला एक्स्टर्नल सरांनी मला विचारलं, "पोलादात आवाजाचा वेग किती?" मी एका दमात सांगून टाकलं, "लॉन्गिट्युडिनल लहरीचा सेकंदाला ५९६० मीटर, शिअर लहरीचा ३२३० मीटर, सर." सरांनी चष्म्यावरून बघत पुढचा बॉल टाकला, "आणि शिशात? शिसं तर पोलादापेक्षा जड. म्हणजे तिथे जास्त असणार, नाही का?"

हा सापळा आमच्या सीनियर्सनी आधीच दाखवून ठेवला होता. हवेत ३४७, पाण्यात १४८०, पोलादात जवळपास सहा हजार, अशी शिडी पाहिली की कोणालाही वाटतं, पदार्थ जितका जड तितका आवाज जोरात पळतो. पण तसं नाही. वेग ठरतो तो कडकपणा आणि घनता यांच्या भागाकाराच्या वर्गमुळावर. शिसं जड आहे, पण मऊ आहे, म्हणून तिथे आवाज २१६० च्या आसपासच रेंगाळतो. मी हे सगळं म्हणून दाखवलं. वर रेल्वेचं उदाहरणही दिलं: गोंदिया जंक्शनच्या आसपास रुळांवरून ढकलगाडीसारखं यंत्र नेतात, ते रुळात अल्ट्रासॉनिक लहर सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून आतली भेग कुठे आहे ते सांगतं. वेग नक्की माहीत असेल तरच वेळेवरून अंतर काढता येतं. सर खूश झाले. बाहेर मित्रांनी पाठ थोपटली. कॅन्टीनमध्ये चहा झाला.

चहा पिताना मात्र मला काही बरं वाटत नव्हतं. वेळेवरून अंतर काढायचा हाच हिशोब आम्ही जुलैमध्ये गच्चीवर बसून केला होता. अगदी बरोबर केला होता. आणि तेव्हा एक माणूस मरता मरता वाचला होता.

आपल्या होस्टेलची मागची बाजू सगळ्यांना माहीतच आहे. कंपाउंड वॉल संपली की मुर्रीच्या बांध्या सुरू होतात. मुर्री हे गोंदियाला चिकटलेलं गाव. अर्धं शहरात आलेलं, अर्धं अजून धानात उभं. जुलैत त्या बांध्यांमध्ये रोवणी चालू असते. दहा-बारा बाया एका ओळीत वाकून पऱ्हे रोवत मागे मागे सरकतात. आपण गच्चीवरून फोटो काढतो, स्टेटसला टाकतो, "माय व्ह्यू" वगैरे.

त्या दिवशी लेक्चर्स लवकर सुटली होती. साडेतीनच्या सुमाराला पश्चिमेकडून ढग चढायला लागले. आम्ही सहा-सात जण गच्चीवर, व्हिडिओ काढत. एकाच्या मोबाईलमध्ये 'दामिनी' ॲप होतं, त्यावर सूचना आली. त्याने मोठ्याने वाचून दाखवली, आम्ही "ओऽऽ" केलं. मग कोणीतरी म्हणालं, मोजूया. मला मोजायची सवय लहानपणापासूनची. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने "वन मिसिसिपी, टू मिसिसिपी" असं म्हणत वीज आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजायला शिकवलं होतं. मिसिसिपी नदी कुठे आहे हे तेव्हा माहीत नव्हतं, पण सेकंद बरोबर यायचे.

तत्त्व सगळ्यांना माहीत आहे. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे दिसणं आणि घडणं आपल्यापुरतं एकच. आवाज मात्र पावसाळी हवेत सेकंदाला ३४७ मीटर. शून्य अंशाला तो ३३१ असतो, दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. तेव्हा तीन सेकंदांना एक किलोमीटर धरा. आमचे आकडे असे आले: २७ सेकंद. मग १९. मग ११. मग ६. कोणीतरी गणित मांडलं: नऊ किलोमीटर, साडेसहा, पावणेचार, दोन. "येतंय आपल्याकडे!" म्हणून टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, मी खोटं लिहीत नाही.

त्यानंतर मोजायला काही उरलंच नाही. उजेड आणि आवाज एकत्र आले. शेताच्या टोकाला मोहाचं झाड आहे, त्यावर पडली. झाडापासून थोड्या अंतरावर चिखलणीचे बैल सोडून बांधले होते, त्यातला एक जागच्या जागी बसला तो उठलाच नाही. ओळीतल्या सगळ्या बाया चिखलात खाली गेल्या. आम्ही जिन्यावरून धावत सुटलो, भिंतीवरून उड्या मारल्या. पोचलो तेव्हा एकेक जण उठत होती. झाडाच्या बाजूच्या टोकाला असलेल्या एका आजींना पायच कळत नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांनी मुंग्या येऊन ते जागे झाले. दवाखान्यात नेलं, संध्याकाळी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना बघायला गेलो. एकाने बोलता बोलता, जरा शायनिंगच मारत, सांगितलं की आमच्या मोबाईलवर आधीच सूचना आली होती. आजी खाटेवर बसल्या होत्या. त्यांनी काही रागाने विचारलं नाही. नुसतं विचारलं, "मंग हाक काहून नाही मारली रे बापू?"

गच्चीपासून त्या ओळीपर्यंतचं अंतर मी नंतर पावलांनी मोजलं. साधारण साडेतीनशे मीटर. हाक एका सेकंदात पोचली असती.

यावर मी बरेच दिवस विचार करतोय आणि जे वाटतं ते इथे लिहितोय. काही जणांना ते आवडणार नाही.

पहिली गोष्ट, आम्ही जे मोजत होतो ते मोजणंच चुकीच्या कामाचं होतं. मोजून कळतं ते आधीची वीज कुठे पडली ते. पुढची कुठे पडणार हे त्यात नसतं. ढगाची वीज आपल्या जागेपासून सात-आठ, कधी दहा किलोमीटर बाजूला जाऊन पडू शकते, डोक्यावर पाऊस नसतानाही. म्हणून पूर्वी '३०-३०' असा नियम शिकवत: अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर येऊ नका. आता तर त्यातला पहिला भाग मोजूच नका असं सांगतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे तुम्ही टप्प्यात आहात, संपलं. आमचा पहिला आकडा सत्तावीस होता. त्याच क्षणी हाक मारायला हवी होती. पुढचे १९, ११ आणि ६ ही निव्वळ करमणूक होती.

बरं, गडगडाट फार लांबून ऐकूही येत नाही. पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे जवळजवळ नाहीच. कारण पुन्हा वेगच. जमिनीजवळ हवा गरम, वर गार. गरम हवेत आवाज जोरात जातो, गार हवेत हळू, त्यामुळे लहर वरच्या बाजूला वळते आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. रात्री क्षितिजावर नुसत्याच चमकणाऱ्या, आवाज नसलेल्या विजा आपण पाहतो त्या अशाच. दिवसा, शेजारच्या बांधीत ट्रॅक्टर चिखलणी करत असेल तर पाच किलोमीटरवरचा गडगडाटही ऐकू येईल याची खात्री नाही. आणि रोवणी करणारी बाई वर बघत नाही. तिची मान खाली असते, पाठीवर पन्नी असते. उजेडाचा वेग तीन लाख किलोमीटर असून तिच्या काय कामाचा?

दुसरी गोष्ट भाषेची आहे. मला शाळेत दोन शब्द शिकवले होते, लायटनिंग वेगळं आणि थंडर वेगळं. घरी मात्र एकच शब्द: वीज. वीज चमकते, वीज कडाडते, वीज पडते, वीज जाते आणि वीज बिलही येतं. इकडे गावात 'ईज' म्हणतात, छत्तीसगडकडून आलेले मजूर 'गाज गिरी' म्हणतात. पहिल्यांदा मला वाटलं, आपल्या भाषेत शब्द कमी आहेत. आता उलट वाटतं. दिसणारी, ऐकू येणारी आणि मारणारी गोष्ट एकच आहे हे मराठीला आधीपासून माहीत आहे. वेगवेगळ्या वेगाने आपल्यापर्यंत पोचते म्हणून आपण तिचे तुकडे केले.

आणि दिसणं-ऐकणं याखेरीज तिची तिसरी एक लहर असते, जी आपल्या मेसच्या काकांना कळते आणि आपल्याला नाही. काकांचा जुना ट्रान्झिस्टर सगळ्यांनी पाहिलाय. त्यावरून त्यांची किती चेष्टा होते तेही सगळ्यांना माहीत आहे. मीडियम वेव्हवर गाणी लागलेली असताना मध्येच 'खर्र, खर्र' सुरू झालं की काका चपात्या टाकून वाळत घातलेले टॉवेल काढायला जातात. आकाश निळं असलं तरी जातात. ती खरखर म्हणजे वीजच. प्रत्येक विजेबरोबर रेडिओ लहरींचा एक धक्का निघतो, काही हर्ट्झपासून काही मेगाहर्ट्झपर्यंत पसरलेला, आणि तो प्रकाशाच्याच वेगाने शेकडो किलोमीटर जातो. त्याला ढग आड येत नाहीत, ट्रॅक्टर आड येत नाही, क्षितिजही फारसं आड येत नाही. आपल्या मोबाईलमधल्या एफ.एम.ला ही खरखर कळत नाही, कारण त्याची फ्रिक्वेन्सी आणि मॉड्युलेशनची पद्धतच अशी की हा धक्का गाळला जातो. म्हणजे आवाज स्वच्छ करता करता आपण इशारा पुसून टाकला.

पुण्याला पाषाणमध्ये भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. 'दामिनी' त्यांचंच. तिथले लोक जे करतात ते तत्त्वतः काकांच्या रेडिओचंच मोठं रूप आहे. देशभर त्यांचे ऐंशीहून जास्त सेन्सर आहेत, सुरुवात महाराष्ट्रापासून झाली. प्रत्येक सेन्सर विजेची रेडिओ लहर ऐकतो आणि जी.पी.एस.च्या घड्याळाने वेळ नोंदवतो. एका मायक्रोसेकंदात ही लहर ३०० मीटर जाते, म्हणून घड्याळ मायक्रोसेकंदापर्यंत बरोबर लागतं. तीन-चार सेन्सरांकडे ती किती फरकाने पोचली त्यावरून वीज कुठे पडली ते निघतं. आमच्या ओरलमधल्या रुळाच्या भेगेचाच हिशोब, फक्त पदार्थ वेगळा आणि वेग वेगळा. ॲपवर तुमच्या आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरमधल्या, गेल्या पाच-दहा-पंधरा मिनिटांतल्या विजा दिसतात.

आता एक गंमत बघा. पुणे ते गोंदिया सरळ रेषेत साधारण ७४० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरच्या काचेत प्रकाश थोडा मंदावतो, सेकंदाला दोन लाख किलोमीटरवर येतो. तरी हे अंतर तो चार मिलिसेकंदांत कापतो. फायबर वळसे घेत आली, सर्व्हरने वेळ खाल्ला, टॉवरने खाल्ला, सगळं धरून काही मिनिटं म्हणा. हेच अंतर आवाजाला कापायचं तर पस्तीस मिनिटं लागतील. म्हणजे सूचना पुण्याहून आपल्या गच्चीपर्यंत झकास आली. तिथे ती थांबली. उरलेले साडेतीनशे मीटर कापायला माणसाचा आवाज लागणार होता, आणि आम्ही सहा-सात जण भावी इंजिनिअर सेकंद मोजत बसलो होतो. ज्यांच्याकडे फोन होते त्या बायांचे फोन धुऱ्यावर, डब्याच्या पिशवीत, पन्नीत गुंडाळून ठेवलेले होते. चिखलात फोन घेऊन कोण उतरतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात २,८८७ माणसं वीज पडून गेली. ही बहुतेक शेतात, मोकळ्यावर काम करणारी माणसं असतात, होस्टेलच्या गच्चीवर व्हिडिओ काढणारी नव्हे. (गच्चीवर आपणही मूर्खच होतो, तो भाग वेगळा. पाण्याच्या टाकीला टेकून उभे होतो.)

आजींचे पाय का बधिर झाले, हेही सांगतो, कारण इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही मी विचारलं तेव्हा अर्ध्यांनी "झाडाची वीज उडून लागली असेल" असं सांगितलं. तसं होतं, झाडाजवळ उभ्या माणसावर उडतेही, म्हणून झाडाखाली जायचं नसतं. पण आजी झाडापासून बऱ्याच लांब होत्या. थेट अंगावर वीज पडून मरणारे थोडेच, जमिनीतून पसरणाऱ्या करंटने जास्त जातात. साधा हिशोब करा. ३०,००० अँपिअर झाडातून जमिनीत उतरले आणि चारी बाजूंना पसरले. जमिनीची रेझिस्टिव्हिटी १०० ओहम-मीटर धरा. झाडापासून दहा मीटरवर उभ्या माणसाच्या दोन पावलांत अर्धा मीटर अंतर असेल तर त्या दोन पावलांमध्ये साधारण २,२७० व्होल्ट येतात. पावलं जुळवून अंतर दहा सेंटिमीटरवर आणलं तर तेच ४७० च्या आसपास. पाणी भरलेल्या बांधीत आकडे कमी होतील, पण रोवणीला माणूस उभा कसा असतो ते आठवा. पाय फाकलेले, उघडे, पोटरीपर्यंत चिखलात, हात पाण्यात. बैल का मेला तेही यातच आहे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड मीटर अंतर असतं आणि मध्ये काळीज.

लहरींच्या वेगाचा सगळ्यात क्रूर हिशोब महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ ला पाहिलाय. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला. भूकंपातही दोन लहरी निघतात. पहिली पी लहर खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास येते, ती फारसं पाडत नाही. मागून साडेतीन किलोमीटरच्या वेगाने एस लहर येते, ती घरं पाडते. शंभर किलोमीटरवर असाल तर दोन्हींमध्ये बारा सेकंद मिळतात, आणि जगात काही देशांनी त्या सेकंदांवर इशारा यंत्रणा उभ्या केल्यात. पण किल्लारीचा भूकंप उथळ होता, दहा किलोमीटरच्या आत. गावाच्या पायाखालीच. तिथे दोन लहरींमध्ये एक-दीड सेकंदच मिळाला असणार, तोही झोपेत, दगड-मातीच्या जाड भिंतींच्या घरात. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांना कोणी हाक मारून काही उपयोग झाला नसता.

आपल्याला ढग अर्धा तास देतो. दिवसाउजेडी, आवाज करत, दाखवून देतो.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. होस्टेलच्या गच्चीवर एक भोंगा बसवावा. १२० डेसिबलचा साधा इलेक्ट्रिक सायरन बाजारात मिळतो. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, त्या हिशोबाने साडेतीनशे मीटरवर ६९ डेसिबल उरतात. ट्रॅक्टर अगदी शेजारी नसेल तर एवढा ऐकू जातो. एक किलोमीटरवर ६० उरतील, तिथे वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून राहील. तो वाजवायचा कधी, हे ठरवायला ॲपवरच अवलंबून राहायला नको, नेटवर्क आपल्याकडे पावसात हमखास जातं. ए.एस.३९३५ नावाची एक चिप येते. ती ५०० किलोहर्ट्झच्या आसपास विजेची खरखर ऐकते आणि चाळीस किलोमीटरपर्यंतचा अंदाज देते. काकांच्या रेडिओचा मीडियम वेव्ह पट्टा त्याच्या अगदी वरच सुरू होतो, म्हणजे चिप आणि काका जवळपास एकच स्टेशन ऐकतात. ई अँड टी.सी.च्या मित्रांनो, दर वर्षी तुमच्या मिनी प्रोजेक्टमध्ये झाडांना आपोआप पाणी घालणाऱ्या सिस्टीम किती होतात ते मोजा. एका बॅचने एक वर्ष झाडांना हाताने पाणी घालून हे करून बघावं.

पण नुसत्या भोंग्याने काम होणार नाही, हे मला शेतातच कळलं. मी ओळीतल्या एका मावशींना विचारलं, की भोंगा वाजला तर तुम्ही बाहेर याल का? त्या हसल्या. रोवणी गुत्त्याने असते. एकराचा भाव ठरलेला, जितकं लवकर उरकेल तितकं लवकर दुसऱ्याचं शेत धरता येतं. अर्धा तास बसलं तर तो अर्धा तास त्यांच्या खिशातून जातो. आणि त्यांनी दुसरा प्रश्न विचारला तो जास्त अवघड होता: "आन् याचं कुठं?" शेतात आहे मोहाचं झाड आणि चारी बाजूंनी उघडी टिनाची झोपडी. दोन्ही विजेपासून वाचवत नाहीत, झाड तर मारतंच. सुरक्षित म्हणजे पक्की, वायरिंग-प्लंबिंग असलेली इमारत किंवा काचा लावलेली चारचाकी. मुर्रीच्या त्या बांध्यांना सगळ्यात जवळची पक्की इमारत कोणती? आपलं होस्टेल. मागचं गेट उघडलं तर तीन-चार मिनिटांची चाल. ते गेट कुलूपबंद असतं, त्यावर 'बाहेरच्यांना प्रवेश नाही' अशी पाटी आहे.

ते गेट जुलै ते सप्टेंबर, भोंगा वाजल्यापासून शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत उघडं राहावं आणि खालचा कॉमन हॉल शेतातल्या माणसांना खुला असावा, एवढी माझी मागणी आहे. भोंगा हा त्यातला सोपा भाग.

मी हे काही जणांशी बोललो. एक सर म्हणाले, सिक्युरिटीचा प्रश्न येईल, मुलांचे लॅपटॉप असतात. कॉमन हॉलमध्ये लॅपटॉप नसतात, सर, कॅरम आहे आणि बंद पडलेला टी.व्ही. दुसरे म्हणाले, भोंगा वाजला आणि वीज नाही पडली तर लोक चार वेळा येतील, पाचव्या वेळी येणार नाहीत. ही शंका खरी आहे. म्हणून ॲपवर चाळीस किलोमीटरवर काही दिसलं की वाजवायचा नाही, दहा किलोमीटरच्या आत वीज पडली की वाजवायचा. दहा किलोमीटरवर पडलेली वीज हा खोटा इशारा नसतो, ती तुमच्यावर पडली नाही एवढंच. आमच्या विंगमधला एकजण म्हणाला, "चिखलाचे पाय घेऊन येतील, फरशी कोण पुसणार?" त्याला मी लिहून देतो, मी पुसेन. मागच्या फ्रेशर्स पार्टीनंतर त्या फरशीवर काय काय होतं आणि ते कोणी पुसलं हेही त्याला आठवत असेल.

अर्ध्या तासाच्या मजुरीचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते शेतमालक आणि गुत्तेदार यांच्याशी बोलूनच होईल, आणि ते बोलायला कॉलेजच्या लेटरहेडवर मोठी माणसं गेली तर फरक पडेल. मी एकदा एकटा गेलो होतो. मालकांनी चहा पाजला आणि विचारलं, "तुझा बाप काय करते?" विषय तिथेच संपला.

आणि आपलं आपण एक करायचं आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. गडगडाट ऐकू आला की ग्राउंडवरची मॅच थांबवायची. शेवटच्या दोन ओव्हर राहिल्या असल्या तरी. गेल्या सप्टेंबरमध्ये, जुलैचं सगळं माहीत असूनही, आपण इंटर-ब्रांचची फायनल विजा चमकत असताना पूर्ण केली. अंपायर मीच होतो.

गेट आणि भोंग्याचा अर्ज रेक्टर सरांकडे दिलाय. त्यांनी 'नाही' म्हटलेलं नाही, "किती मुलांची तयारी आहे ते दाखवा," असं म्हटलंय. तयारी म्हणजे जुलै ते सप्टेंबर दुपारी बारा ते सहा आळीपाळीने दोघांनी गेट आणि भोंगा सांभाळायचा. चाळीस जण झाले तर एकेकाच्या वाट्याला तीन महिन्यांत चार-पाच दुपारी येतात. सह्यांचा कागद मेसमध्ये काकांच्या रेडिओखाली दाबून ठेवलाय. हे लिहीपर्यंत अकरा सह्या झाल्या आहेत. त्यातली पहिली काकांची आहे.